चपलेमागे एक बिस्कीट

चांद्या आमच्याकडे आला तो माळेगावची यात्रा झाल्या झाल्या. यात्रेतून विकत आणलाय असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. ते खरं नाही. भाऊजी यात्रेला गेले होते घोडे बघायला. माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. खंडोबाची यात्रा, जनावरांचा मोठा बाजार, आणि घोड्यांसोबत तिथं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. तिथली उंच, लांब तोंडाची शिकारी कुत्री बघून भाऊजींचं मन फिरलं. घ्यायला पैसे नव्हते आणि घरून परवानगीही नव्हती. मग परत येताना ते पालम तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या आखाड्यावर थांबले. तिथं सालगड्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक स्वेटरात गुंडाळून त्यांनी परभणीला आणलं आणि आमच्या वट्ट्यावर ठेवलं.

"वहिनी, तुमच्याकडं जागा आहे," म्हणाले.

जागा म्हणजे पुढचा अरुंद वट्टा आणि मागं हौदाजवळचं थोडं अंगण. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चांद्या नाव ठेवलं. नाव ठेवलं की जनावर घरचं होतं, हे भाऊजींना चांगलं माहीत होतं.

पिल्लाची आई कारवानी वळणाची. आपल्या मराठवाड्यात आणि खाली कर्नाटकात ही शिकारी जात जुनी आहे. लातूर जिल्ह्यातल्या जानवळला लोक ती हौसेनं पाळतात. अंगावर लांब केस असले तर पश्मी म्हणतात. कर्नाटकात हिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होतं. चांद्याचा बाप कोण, ते सालगड्यालाही सांगता आलं नाही. पण लांब पाय आणि निमुळतं तोंड आईचं आलं होतं. हे सांगायचं कारण असं की ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. काही हललं की यांचे पाय आधी सुटतात. पुढं जे झालं त्यातलं बरंचसं याच्यामुळं झालं. बाकीचं आमच्यामुळं.

पहिलं काम दवाखान्याचं. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आता ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं आहे. तिथल्या चिकित्सालयात म्हशी, शेळ्या आणि वासरं यांच्यामागं आम्ही टोपलीत पिल्लू घेऊन उभे राहिलो. शिकणारी मुलं तपासतात, मग मोठे डॉक्टर येतात. वेळ लागतो, पण एका पिल्लाला चार जण बघतात. जंताचं औषध दिलं. पार्व्हो आणि इतर रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, ती मधे अंतर ठेवून परत द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांच्या वयाला, मग डोस परत, मग दरवर्षी. डॉक्टरांनी एक वही करून दिली. तारीख, लसीचं लेबल आणि सही. ही वही जपून ठेवा. आमच्या घरात ती गॅसच्या पुस्तकासोबत ठेवलेली असते.

पहिल्या रात्री तो रडला. परभणीची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण डिसेंबर-जानेवारीत इथं राज्यातलं खालचं तापमान नोंदवलं जातं. आत्याबाई म्हणाल्या, कुत्रं घरात नको. रात्री मला जाग आली तर तो त्यांच्या बाजेखाली, त्यांच्याच जुन्या लुगड्यावर झोपलेला. कोणी आणला ते कोणीच सांगितलं नाही.

चार महिन्यांच्या आसपास दात पडायला लागले आणि त्यानं घर चावायला घेतलं. मोबाइलचा चार्जर, दप्तराचा पट्टा, ह्यांच्या चष्म्याची डबी, केरसुणी. या वयात हिरड्या शिवशिवतात, त्याला चावायला लागतंच. जुन्या गोधडीच्या चिंध्यांची जाड गाठ करून ती ओली करायची आणि फ्रीजमध्ये ठेवून द्यायची. गार गाठ चावायला त्याला बरी वाटायची. शिजवलेलं हाड मात्र देऊ नका. त्याच्या चिरफळ्या उडतात आणि आतडं फाटू शकतं. सातव्या महिन्यापर्यंत दात आले आणि चावणं आपोआप उतरलं. हा त्रास वयाचा होता. पुढचा हुशारीचा.

आमच्या फाटकाला आडवी कडी आहे. ती नाकानं वर उचलून बाजूला सरकवता येते, हे चांद्यानं आम्हाला बघून शिकून घेतलं. पहिल्यांदा मला वाटलं, दूधवाला फाटक उघडं टाकून गेला. त्याला बोललेही. मग एका दुपारी खिडकीतून बघितलं. आधी त्यानं घराकडं मान वळवून बघितलं, कोणी नाही याची खात्री केली, मगच नाक लावलं. उघडता येणं एक वेळ ठीक, पण आधी बघून घेणं मला जास्त खटकलं. ह्यांनी कडीला भोक पाडून नट-बोल्ट लावला. मग तो शेजारच्या काकूंच्या कठड्यावरून जायला लागला. शेवटी कडीला कुलूप आणि कठड्यावर जाळी असा खर्च झाला. पिल्लू आणतानाच फाटक बघून घ्या.

खरी कटकट चपलांनी सुरू झाली.

लेकीची परीक्षा संपली होती, ती दिवसभर घरी. चांद्यानं काकूंची चप्पल तोंडात धरून आणली. हिसकायला गेलं की पळायचा, आणि त्या पायांच्या मागं कोण पळणार? लेकीनं बिस्कीट दाखवलं. त्यानं चप्पल टाकली आणि बिस्कीट घेतलं.

"आई, बघ ना, किती शहाणाय."

शहाणा होताच. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून एक चप्पल आणली, तिच्या पायाशी ठेवली आणि समोर बसला. तिनं बिस्कीट दिलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की गल्लीत चपला भरपूर आहेत.

यात एक बारकावा होता. तो नेहमी एकेकच आणायचा. ह्यांचं म्हणणं, जोडीनं आणली तर बिस्कीट एकच मिळतं, सुटी आणली तर दोन, हा त्याचा हिशेब आहे. तोंडात एकच मावते हे खरं कारण असावं. पण विकायच्या मालाला तो दात लावत नसे, हे मी स्वतः बघितलंय. घरातली चप्पल चावायचा, बाहेरची कोरी परत.

सकाळी बायका आमच्या वट्ट्यावर यायला लागल्या. "ओ ताई, माझी डावी आलीय का तुमच्याकडं?" सुरुवातीला हसत यायच्या. मग समोरच्या सरांकडं मुलगी बघायला पाहुणे आले आणि नवरदेवाचा एक बूट गेला. पोहे झाले, चहा झाला, मुलगा दारात एका पायात बूट घालून उभा. बूट आमच्या हौदामागं सापडला. मी तो पदराखाली झाकून नेऊन दिला. लग्न जमलं नाही. कारण वेगळं होतं, तरी सरांच्या घरचे पुढं बरेच दिवस आमच्याशी तुटक वागले.

मग आम्ही बिस्कीट बंद केलं. वाटलं, संपलं. उलट वाढलं. चप्पल आणून मिळेना तर त्यानं टीव्हीचा रिमोट आणला. त्याचंही काही मिळेना तर आत्याबाईंची पोथी आणली. घरात आरडाओरड झाली, आणि त्या गडबडीत आत्याबाईंनीच त्याला पोळीचा तुकडा टाकून पोथी सोडवली. म्हणजे रिमोटला काही नाही, पोथीला पोळी, हे तो शिकला.

लसीच्या वेळी चिकित्सालयातल्या एका शिकणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं. ती हसली, पण नीट समजावलं. मिळत होतं ते बंद झालं की जनावर आधी जास्त जोर लावतं. तो जोर चालू असताना तुम्ही हात दिला, तर त्या जोरालाच बक्षीस दिल्यासारखं होतं. आणि कधी मिळतं, कधी मिळत नाही असं असेल तर ते कधीच सोडत नाही. तेव्हा बंद म्हणजे घरातल्या सगळ्यांचं बंद. मारू नका, असंही ती म्हणाली. मारलं तर तो चोरी सोडत नाही, तुमच्यासमोर करायचं सोडतो. कडीचं बघितलं होतं, म्हणून मला हे लगेच पटलं.

घरी येऊन सगळ्यांना बसवलं. हे तयार, लेक तयार. आत्याबाई म्हणाल्या, "मी कुठं काय देते?" लेक म्हणाली, "आजी, तुझ्या बाजेखाली भाकरीचे तुकडे असतात." त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी असं ठरलं की आत्याबाईंनी द्यायचं, पण एकाच वेळी आणि एकाच जागी: दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर, मागच्या अंगणात, त्याच्या ताटलीत. मधे कोणी काही द्यायचं नाही. त्यांचं देणं बंद करायला सांगितलं असतं तर त्यांनी ते लपून चालू ठेवलं असतं. मीही ठेवलं असतं.

दुसरं म्हणजे कमाईचा वेगळा रस्ता दिला. वट्ट्यावर एक पोतं अंथरलं. पोत्यावर रिकाम्या तोंडानं बसला की त्याच्या रोजच्या जेवणातलाच एक घास. चप्पल आणली तर आम्ही तिच्याकडं बघायचंच नाही, पाठ फिरवायची. गल्लीतल्या बायकांना सांगितलं की काही दिवस चपला वर ठेवा. काहींनी ठेवल्या, काहींनी "तुमचं कुत्रं तुम्ही बांधा" म्हणून सुनावलं. त्यांचंही बरोबर होतं. पावसाळ्यापर्यंत चपला जवळजवळ बंद झाल्या. एखादी अजून येते. नवीन भाडेकरू आले की हमखास.

त्याच उन्हाळ्यात पाण्याचं झालं. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि येण्याची वेळ ठरलेली नसते. रात्री दोनलाही येतं. आधी नळातून हवा येते, फुसफुस होते, मग पाणी. हवा ज्याला ऐकू आली त्याचा हौद भरला. चांद्याला ती आमच्या कितीतरी आधी ऐकू यायची. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे. नळातली बारीक शिट्टी त्यात बसत असणार. पाणी आलं की घर उठतं, दिवे लागतात, सगळे अंगणात येतात, हे त्यानं धरून ठेवलं. मग हवा सुटली की तो यायचा आणि माझी चादर ओढायचा. मी उठून बघायचे तर खरंच पाणी. शेजारच्या काकूंनी चपलांचं सगळं विसरून त्याला दूध पाजलं.

पण पाण्याचा पाइप हलतो. नळ जोरात आला की हौदात सोडलेला पाइप थरथरतो, आणि हलणारं काही दिसलं की चांद्या गप्प बसत नाही. एका रात्री आम्ही पाइप लावून पाच मिनिटं पडलो. त्यानं तो हौदातून ओढून काढला आणि अंगणभर पळवला. सकाळी हौद अर्धा आणि गल्लीत चिखल. मे महिन्यात परभणीत रस्त्यावर पाणी वाहणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. काकूंनी दूध बंद केलं. ह्यांनी हौदाच्या कडेला लोखंडी कडी बसवून पाइप तारेनं आवळला, आणि पाणी असेपर्यंत चांद्याला पुढं बांधायचं ठरलं.

त्यावर त्यानं आणखी एक शोध लावला. चादर ओढली की मी उठते. पाणी असो नसो. मग उन्हाच्या काहिलीत झोप आली नाही की तो मला उठवायला लागला. मी उठून "काय रे" म्हटलं, पाठीवरून हात फिरवला, की त्याचं काम झालं. ते मोडायला एवढंच केलं की त्यानं उठवल्यावर त्याच्याशी अजिबात बोलायचं नाही. सरळ नळाशी जायचं. कोरडा असेल तर परत येऊन झोपायचं. पाणी असेल तर मग कौतुक. काही रात्री फार वाईट गेल्या. हे मात्र शांत झोपायचे, त्यांची चादर तो कधी ओढत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर चावण्याचं प्रकरण झालं. आमच्याकडं सकाळी सायकलवर पोरगा पेपर टाकतो. फाटकाचं कुलूप काढून मी रांगोळी घालत होते. सायकल गेली, चांद्या सुटला आणि त्यानं पोराच्या पिंढरीला दात लावला. पॅंट फाटली आणि खाली बारीक ओरखडा. रक्ताचा एकच थेंब होता. गल्लीत लगेच कोणी हळद आणली, कोणी चुना लावा म्हणालं, एकानं तिखट सांगितलं. यातलं काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. पोरगा नको नको म्हणत होता, तरी धुतलं. मग हे त्याला गाडीवर सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं लस मोफत मिळते. कातडीत घेतात ती ०, ३, ७ आणि २८ अशा दिवसांना असते. डॉक्टरांनी चांद्याची वही बघितली. लस झालेली असली तरी आम्ही दिवस चुकवत नाही, म्हणाले. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, खाणं बदललं, लाळ गळाली, वागणं वेगळं वाटलं तर लगेच सांगा.

ते दहा दिवस मी सारखी त्याच्या तोंडाकडं बघत होते. वही समोर असून. त्याला काही झालं नाही, पोरालाही नाही. पोराच्या आईला आम्ही घरी जाऊन भेटलो, पॅंट घेऊन दिली, शाळेतली खाड्याची चिठ्ठी ह्यांनी लिहून दिली. पोरगा अजून पेपर टाकतो, पण दोन घरं अलीकडून फेकतो.

श्रावण लागायच्या थोडं आधी घर एकदम शांत झालं. पोत्यावर चांद्या पडून. नळाला हवा आली तरी उठला नाही. लेक म्हणाली, सुधारला. मला ते बरं वाटलं नाही. भाकरीकडं त्यानं बघितलंही नाही. ओठ वर करून बघितलं तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड. चिकित्सालयात ताप बघितला. कुत्र्याचं अंग एरवीच १०१-१०२ फॅरनहाइट असतं, त्याचं १०४ च्या पुढं गेलं होतं. कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर घेऊन बघितलं. गोचीड ताप. गोचिडातून रक्तात जंतू जातात आणि रक्त कमी होतं. गडद लघवी झाली तर अजिबात थांबायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गावाकडचे लोक गुरांवर फवारायचं गोचिडाचं औषध कुत्र्यालाही लावतात. आमच्या सालगड्यानंही फोनवर तेच सांगितलं. डॉक्टरांनी बजावून नाही सांगितलं. कुत्रं अंग चाटतं, त्याचं प्रमाण वेगळं, त्यात जीव जाऊ शकतो. कुत्र्यासाठीचे मानेवर टाकायचे थेंब मिळतात, ते महिन्याच्या महिन्याला. शिवाय गोचीड अंगावर असतात त्यापेक्षा जास्त घरात असतात. पोतं जाळलं, बाजेच्या सुतळ्या उन्हात टाकल्या, वट्ट्याच्या फटी सिमेंटनं बुजवल्या.

गोळ्या बरेच दिवस द्यायच्या होत्या. भाकरीत घातली तर भाकरी खाऊन गोळी जमिनीवर. गुळात घातली तर गूळ चाटून गोळी कोरडी बाहेर. घसा धरून घालायला हे तयार नव्हते आणि मला जमेना. मग त्याच्या हावरेपणाचा उपयोग केला. तुपातल्या भाकरीच्या तीन गोळ्या करायच्या. पहिली नुसती. दुसऱ्यात औषध. तिसरी हातात धरून त्याच्या डोळ्यांसमोर. तिसरीच्या घाईत दुसरी तो न चावता गिळतो. तिसरी द्यायचीच, फसवायचं नाही. नाहीतर उद्या तो तिन्ही फोडून बघेल. ताप उतरल्यावर ज्या सकाळी वट्ट्यावर एक अनोळखी चप्पल दिसली, त्या सकाळी मी त्याला काही बोलले नाही. पाठ फिरवायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढायला आम्ही आखाड्यावर गेलो आणि त्याला सोबत नेलं. ठेवून यायचा विचार घरात सुरू होता, हेही सांगून टाकते. काढलेल्या मोकळ्या रानात सोडला तर तो असा पळाला की आम्ही सगळे विळे ठेवून बघत राहिलो. घरी इतके दिवस आम्ही त्याला गल्लीच्या टोकापर्यंत दोरीनं फिरवत होतो. दुपारी तो चिंचेखाली झोपला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. संध्याकाळी शेजारच्या आखाड्यावरची कोंबडी गेली. तिचे पैसे दिले, बोलणी खाल्ली. त्या शेजाऱ्यानं साफ सांगितलं की हे कुत्रं इथं ठेवायचं नाही. त्यामुळं ठेवायचा विषय आपोआप मिटला.

तेव्हापासून हे पहाटे त्याला घेऊन इथल्या कृषी विद्यापीठाकडच्या मोकळ्या रस्त्यानं पळतात. पळतात म्हणजे हे चालतात, तो लांब दोरीवर पळतो. या जातीची मान डोक्याइतकीच जाड असते, साधा पट्टा मान खाली घातली की निघून येतो. छातीवरून येणारा पट्टा घ्या. उन्हाळ्यात सहाच्या आत परत, कारण त्याला अंगभर घाम सुटत नाही, तो मुख्यतः जिभेनं गार होतो. जो दिवस पळण्याचा चुकला त्या दिवशी घरातलं काहीतरी जागेवरून हललेलं असतं. हे आता आम्ही कॅलेंडरवर न लिहिताही सांगू शकतो.

दिवाळीत फटाक्यांना घाबरला. तो विषय लहान आहे. दारं बंद, कुलर चालू, आत्याबाई शेजारी.

चंपाषष्ठीला घरात खंडोबाचा नैवेद्य असतो. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य असतात, ते त्या दिवशी सुटतात. कुत्रं खंडोबाचं, म्हणून त्याला घास काढून ठेवायचा. आत्याबाईंच्या घरात हे त्यांच्या लहानपणापासून चालत आलेलं. पण कांदा आणि लसूण कुत्र्याला चालत नाहीत, रक्तावर परिणाम होतो, आणि याचं रक्त तर आधीच एकदा कमी झालेलं. मनुका आणि चॉकलेटही तसेच वर्ज्य. हे आत्याबाईंना कसं सांगायचं याचा मी आदल्या दिवसापासून विचार करत होते. देवाच्या नैवेद्यात काढघाल करायला सांगणारी सून मला व्हायचं नव्हतं.

सकाळी उठून बघते तर त्यांनी दोन वांगी वेगळी भाजली होती. पात नाही, लसूण नाही, तिखट नाही. "त्याचं आधी काढून ठेवलं," म्हणाल्या, "दवाखान्यात ती पोरगी म्हणली होती की." त्या दवाखान्यात कधी आल्या होत्या ते मला आठवेना. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, आजी रिक्षानं येते ना माझ्यासोबत, थेंब टाकायला. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

चांद्यानं रोडगा खाल्ला. भरीत हुंगलं आणि सोडून दिलं. आत्याबाईंना राग आला, दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

अजून न सुटलेलं म्हणजे मोटारसायकली. फाटक बंद असताना आतून भुंकतो, ते चालवून घेतो. पण फिरायला नेताना मागून गाडी आली की सगळं अंग ताठ होतं, आणि एकदा ह्यांचा खांदा दुखावला. आधी लांब उभं राहून गाड्या बघायच्या, शांत राहिला की घास द्यायचा, मग रोज थोडं थोडं जवळ जायचं, असं चाललंय. वसमत रोडच्या कडेला, पेट्रोल पंपापासून बऱ्याच अंतरावर हे त्याला घेऊन उभे राहतात. स्कूटी गेली तर आता बसून राहतो. बुलेटचं अजून जमत नाही.